ब्रॉडवेखालची माणसं

१९९१ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेवर एका सरकारी इमारतीच्या पायासाठी खोदकाम सुरू झालं आणि खोल भरावाखाली सांगाडे लागले. अठराव्या शतकातल्या नकाशांत तिथे कृष्णवर्णीयांची दफनभूमी दाखवलेली आहे. पुढे शहराने तिच्यावर माती लोटली, इमारती उभ्या केल्या आणि तिथली माणसं विसरली गेली. अमेरिकेतली गुलामगिरी म्हणजे दक्षिणेकडचे मळे, असा समज रुजला. अठराव्या शतकात मात्र याच शहरात दर पाच माणसांमागे जवळपास एक आफ्रिकी वंशाचा होता.

काम घाईने उरकलं जाऊ लागल्यावर आफ्रिकन-अमेरिकन समाज रस्त्यावर उतरला. हे आमचे पूर्वज आहेत, त्यांच्याविषयी काय शोधायचं ते आम्हालाही विचारा, असा त्यांचा आग्रह होता. मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच मागणी. ४१९ जणांचे अवशेष हॉवर्ड विद्यापीठात मायकेल ब्लेकी यांच्या चमूकडे गेले आणि प्रश्नच बदलले. हाडं कोणत्या वंशाची, एवढ्यावर न थांबता ही माणसं कुठून आली, कशी जगली, त्यांनी प्रतिकार कसा केला, याचा शोध सुरू झाला.

दातांवरचं कठीण आवरण बालपणी तयार होतं आणि त्यात तिथल्या अन्नपाण्यातलं स्ट्राँशियम कायमचं साठून राहतं. त्यामुळे कोण आफ्रिकेत जन्मलं आणि कोण न्यूयॉर्कमध्ये, याचा अंदाज बांधता आला. स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात तिथली हाडं अतिश्रमाने जाड झालेली होती. काहींच्या मानेचे मणके ओझ्याने मोडलेले. आणि जवळपास निम्मी दफनं बारा वर्षांखालच्या मुलांची होती. एका स्त्रीचे दात आफ्रिकी रीतीने कानसलेले होते आणि कमरेला शंभरावर मण्यांची माळ होती. गुलामीतही कुणीतरी तिला तिच्या माळेसह निरोप दिला होता.

एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती काढलेली होती. ती घानातल्या अकान लोकांचं 'सांकोफा' हे चिन्ह आहे, असा अर्थ लावला गेला आणि लोकांनी तो मनापासून स्वीकारला. पुढे काही इतिहासकारांनी त्यावर शंका घेतली. ती शंका रास्त आहे आणि ती उघडपणे मांडलीच पाहिजे. पण आज ते चिन्ह ज्यांना आपलं वाटतं, त्यांचं त्याच्याशी जडलेलं नातंही खरंच आहे. पुरातत्त्वाने त्याचीही नोंद ठेवावी.

२००३ साली घानात कोरलेल्या शवपेट्यांतून हे अवशेष त्याच जागी पुन्हा दफन झाले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.