दुर्मीळ आहे, मग भाव का नाही?

एक प्रश्न. १९३०च्या दशकातल्या दोन अमेरिकन गाड्या लिलावात शेजारी शेजारी उभ्या आहेत. कंपनी तीच, इंजिन तेच. एक उघडी, दोघांपुरती, वर कापडी हूड. दुसरी लांबलचक लिमोझीन, ड्रायव्हर आणि मालकाच्या मध्ये काच, मागे दिवाणखान्यासारखी बैठक. समजा, या लिमोझीनच्या जोडीची गाडी जगात एकही उरलेली नाही. जास्त बोली कुणाला लागेल?

‘लिमोझीनला’ म्हणाला असाल, तर मागणी-पुरवठ्याचा धडा तुम्ही अर्धाच वाचलाय. नुसता पुरवठा कमी असून भागत नाही, ती वस्तू कुणाला तरी हवीही असावी लागते. आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात हवी असते ती उघडी गाडी.

ड्यूझनबर्गचंच बघा. या अमेरिकन कंपनीने १९२८च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ आणली. ताकद २६५ अश्वशक्ती. किंमत ८,५०० डॉलर, आणि ती फक्त चॅसीची! त्या वेळी फोर्डची ‘मॉडेल ए’ सुमारे ५०० डॉलरला अख्खी मिळायची. आपल्याकडे ट्रकची चॅसी घेऊन बॉडी दुसरीकडून बांधून घेतात ना, तसंच तिथे श्रीमंतांच्या गाड्यांचं होतं. मर्फी, रोलस्टन, विलोबी अशा कारखान्यांतून गिऱ्हाईक आपल्या आवडीची बॉडी बांधून घ्यायचं. हौशी हिरोला उघडी गाडी, बँकेच्या मालकाला लिमोझीन. वर्षभरात शेअर बाजार कोसळला, महामंदी आली आणि १९३७ला कंपनीच बंद पडली. तोवर ‘जे’ बनल्या होत्या फक्त ४८०च्या आसपास.

लिमोझीन म्हणजे नुसती लांब गाडी नव्हे हं. मधली काच हा तिचा खरा मुद्दा. मालकाचं बोलणं ड्रायव्हरने ऐकू नये, पण मालकाचा हुकूम त्याला ऐकू जावा, म्हणून बोलायची नळी किंवा छोटा फोन बसवलेला असे. मागे मऊ लोकरी कापड, पुढे ड्रायव्हरला मात्र चामड्याची सीट, कारण ती पुसता येते. ‘टाउन कार’ नावाच्या प्रकारात तर मालकाच्या डोक्यावर छप्पर आणि ड्रायव्हर उघड्यावर. मला विचाराल तर त्या काळची अमेरिका समजून घ्यायला उघड्या स्पोर्ट्स गाडीपेक्षा ही गाडी जास्त उपयोगाची आहे. पण बोली लावणारे मला विचारत नाहीत.

मग या लिमोझीन गेल्या कुठे? मंदीत ड्रायव्हर ठेवणंच परवडेना. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात किलोच्या हिशोबाने या गाड्या फायद्याच्या. काहींची मागची बाजू कापून टो-ट्रक बनवले, कारण इंजिन दणकट. युद्धानंतर हौशी पोरांना जुन्या ड्यूझनबर्ग काहीशे डॉलरला मिळू लागल्या. त्यांना इंजिन हवं होतं, दिवाणखाना नको होता. मग लिमोझीनची बॉडी उतरवून फेकायची आणि दुसऱ्या गाडीची उघडी बॉडी चढवायची, असा उद्योग अनेक वर्षं चालला. म्हणून आजही लिलावाच्या कॅटलॉगमध्ये चॅसी, इंजिन आणि बॉडी मूळची एकत्र आहेत का, हे आधी तपासतात. तिन्ही जुळली तर भाव चढतो.

आता आकडे. २०१८च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात १९३५ची ड्यूझनबर्ग ‘एसएसजे’ २ कोटी २० लाख डॉलरला गेली. कुठल्याही अमेरिकन गाडीला लिलावात तोवर इतकी किंमत मिळाली नव्हती. उघडी, दोन सीटची, आणि पहिला वापरकर्ता हॉलिवूडचा हिरो गॅरी कूपर. अशा दोनच बनल्या, दुसरी क्लार्क गेबलकडे होती. आपल्या ओळखीचं नावही या यादीत आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ड्यूझनबर्ग घेतली आणि तिची बॉडी इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. तीही उघडीच! केशरी-काळी, आणि स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे.

बंद गाडीला भाव येतच नाही असं नाही. २०११ला मर्फीने बांधलेली १९३१ची बंद ‘जे’ कूपे १ कोटी ३ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली. चॅसी लिमोझीनला शोभेल एवढी लांब, सीट मात्र दोघांचीच. इतकी जागा फुकट घालवणं हीच तिची श्रीमंती!

साध्या बंद गाडीला वाचवते ती गोष्ट. अल कपोनची म्हणून ओळखली जाणारी १९२८ची चिलखती कॅडिलॅक २०१२मध्ये ३ लाख ४१ हजार डॉलरला गेली. कपोनचं नाव काढा, मागे उरते एक जुनी सेडान. याउलट कॅडिलॅकची १६ सिलिंडरची गाडी. ती १९३०च्या जानेवारीत आली, म्हणजे बाजार कोसळल्यावर तीन महिन्यांनी (याला म्हणतात टायमिंग!). दहा वर्षांत चार हजारांच्या आसपास विकल्या गेल्या, मधल्या काही वर्षांत तर वर्षाला जेमतेम पन्नास. तरीही तिथे उघड्या गाडीपुढे लिमोझीन मागेच पडते.

ज्या लिमोझीनची गोष्ट सगळ्यात मोठी, ती तर लिलावात येतच नाही. २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या ती लिंकन कॉन्टिनेंटल भंगारात गेली नाही. तिला चिलखत आणि पक्कं छप्पर चढवलं, आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष १९७७पर्यंत ती वापरत राहिले! आज ती मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. अलीकडच्या अध्यक्षीय गाड्या तर निवृत्तीनंतर नष्टच करतात, त्यांच्या चिलखताचं गुपित फुटू नये म्हणून.

उरलेल्या बिननावाच्या लिमोझीनचं दुखणं वेगळंच. दुरुस्तीचा खर्च उघड्या गाडीएवढाच, कधी जास्त, कारण कापड, लाकूड, काच सगळंच भरपूर लागतं. विकताना मात्र तेवढे पैसे सुटत नाहीत. मग मालक दुरुस्ती पुढे ढकलतो, आणि गॅरेजमध्ये आतली लाकडी चौकट कुजत राहते. माणसांनी मोडून संपवल्या त्यातून वाचलेल्या गाड्या आता हिशोबामुळे संपताहेत.

हे लिलाव घरबसल्या लाइव्ह बघता येतात. मुख्य हंगाम जानेवारीत ॲरिझोनाला आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाला. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, राखीव किंमत. तिच्याखाली बोली थांबली तर मालक गाडी घरी नेऊ शकतो. दोन, हातोडा पडला तो शेवटचा आकडा नसतो, त्यावर कमिशन असतं. टीव्हीवरच्या जुन्या ‘बॅटमॅन’ची बॅटमोबिल, म्हणजे मूळची लिंकनची प्रायोगिक गाडी, २०१३ला ४२ लाख डॉलरला सुटली, देणाऱ्याला पडली ४६ लाख २० हजारांना. आणि एखादी लिमोझीन मंचावर आली की कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो का बघा. कॉफी आणायला किती जण उठतात ते मोजता येईल.