सहा इंच लांबीचा रेणू

रेणू डोळ्यांना दिसत नाही, असं आपण शाळेत शिकतो. हाताने पेन घडवणाऱ्यांच्या टेबलावर मात्र सहा इंच लांबीचा, लेथवर तासता येणारा एक रेणू पडलेला असतो. तोही घरीच, दोन द्रव ढवळून केलेला.

राख्या, किचेन आणि लग्नातल्या वरमाला जपायच्या फ्रेम यांमुळे रेझिन आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. पेनासाठी त्याची जी कांडी ओततात तिला या कामात ब्लँक म्हणतात. साधारण २० मिलिमीटर जाडी-रुंदी, १३० ते १५० मिलिमीटर लांबी, वजन साठेक ग्रॅम. एका बाटलीत इपॉक्सी रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र केले की त्या साठ ग्रॅमांत सुमारे एकावर २३ शून्यं इतके सुटे रेणू असतात. रेझिनच्या रेणूला दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं एकेक कडं असतं. तीनच अणूंचं, म्हणून ताणलेलं, उघडायला टपलेलं. हार्डनरमधला नायट्रोजन ते उघडतो आणि तिथेच जुळतो. रेझिनच्या रेणूला जुळायच्या जागा दोन, हार्डनरच्या रेणूला बहुधा चार. त्यामुळे नुसती साखळी लांबत नाही, तिला फांद्या फुटतात, फांद्या फांद्यांना जोडल्या जातात. आणि एका क्षणी साच्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला एकच रेणू तयार होतो! द्रवाचं वाहणं थांबतं ते तेव्हा. हा क्षण केव्हा येईल, याचं गणित नायलॉनवाल्या कॅरोदर्सने १९३६ साली मांडलं आणि रसायनशास्त्रज्ञ फ्लोरीने १९४१ साली सुधारलं. पुढचे एक-दोन दिवस उरलेसुरले रेणू त्या एकालाच येऊन चिकटत राहतात.

ब्लँक ओतण्याची सगळी कारागिरी म्हणजे त्या क्षणाच्या आत काय काय उरकायचं, एवढीच आहे.

कॅरोदर्सने ते गणित मांडलं त्याच दशकात वर्ध्यात पेनाचा विचार वेगळ्या अंगाने चालला होता. १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं ठाणं होतं आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी बनवलेलं फाउंटन पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे आलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून आभाराचं पत्र धाडलं: पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशा अर्थाचं. वर्धा नदीचं पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते. पेन तेवढं उलट्या दिशेने आलं.

पुढे रत्नम यांचं नाव झालं ते एबोनाइटच्या पेनांमुळे. रबरात जवळपास एक तृतीयांश गंधक घालून तासन्‌तास तापवलं की एबोनाइट होतं. गंधक रबराच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं, म्हणजे तिथेही शेवटी एकच रेणू. पण एबोनाइटची कांडी कारखान्यातूनच आणावी लागते. रेझिनमुळे कारागीर पेनाबरोबर पेनाचा मालही स्वतःच घडवू लागला. (इपॉक्सीचा एक जनक, स्वित्झर्लंडचा पिएर कास्टान, खरं तर दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होता.)

आता छळ हवेचा. रेणू जुळताना इपॉक्सीतून कुठलाही वायू सुटत नाही. बुडबुडे येतात ते ढवळण्यातून आणि लाकडाच्या छिद्रांतून. बुडबुडा निम्म्या व्यासाचा असेल तर तो चौपट हळू वर चढतो, म्हणून बारीक बुडबुडे पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच वाहणं थांबण्याचा तो क्षण येऊन ठेपतो. मग लेथवर प्रत्येक बुडबुड्याचा खड्डा उघडा पडतो. यावर उपाय म्हणून अख्खा साचा दाबाच्या टाकीत ठेवतात आणि कॉम्प्रेसरने ६० पीएसआयपर्यंत दाब देतात. (घरचा कुकर साधारण १५ पीएसआयसाठी असतो, तिकडे बघूसुद्धा नये.) एवढ्या दाबाने बुडबुड्याचं आकारमान पाचव्या हिश्श्यावर येतं. पण हिशेब करा: व्यास फक्त ५८ टक्क्यांवर येतो. मग कांडी काचेसारखी नितळ कशी निघते? कारण दाबाखाली हवा रेझिनमध्ये विरघळू लागते. त्यात बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताणामुळे त्याच्या आतला दाब जास्त, आणि तितका तो लवकर विरघळतो. लहान होणं हेच त्याच्या नाहीसं होण्याचं कारण! फक्त कांडी घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही.

वर्ध्यासारख्या ठिकाणचं हवामानही या कामात लुडबुड करतं. रेणू जुळताना उष्णता निघते, आणि दर दहा अंशांमागे जुळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात पारा ४५ वर असताना पेल्यात राहिलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. अरुंद साच्यात ती उष्णता भिंतींतून निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटेचं. पावसाळ्यात वेगळी कटकट: पॉलियुरेथेन जातीच्या रेझिनला पाण्याचा अंश लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कांडीचा फेस होतो. चुलीत जाणाऱ्या पऱ्हाटीचे तुकडे रेझिनमध्ये बसवले तर फार देखणे दिसतील, पण आधी भट्टीत खडखडीत वाळवून. आणि एक न टाळण्याजोगी सूचना: कच्चं इपॉक्सी कातडीला लागू देऊ नये, त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

रंगाची गंमत मला सगळ्यात आवडते. रेझिनमध्ये मिसळायच्या चमकदार भुकटीत अनेकदा रंग नसतोच. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि थराच्या जाडीवर निळं दिसायचं की सोनेरी हे ठरतं. हे पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात. रेझिन पातळ असताना दोन रंग ओतले तर ते मिसळून मळकट होतात, फार उशीर केला तर गोळे पडतात. एकतारी पाकाइतकं दाटलं की ओतायचं. मग प्रवाह थिजतो आणि पापुद्रे जिथल्या तिथे अडकतात. नक्षी कशी आलीय हे मात्र लेथवर चढवेपर्यंत कारागिरालाही ठाऊक नसतं.

एकच रेणू झालेली ही कांडी पुन्हा वितळत नाही. तासलेला भुसा फार तर पुढच्या ओताईत मिसळता येतो. कुमारप्पांना हे रुचलं नसतं, असं मला वाटतं. जमिनीतला संपणारा साठा उपसणं आणि निसर्गात पुन्हा पुन्हा तयार होणाऱ्यावर जगणं यांत ते कडक भेद करत. मगनवाडीत तर रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला होता. इपॉक्सी मुळात खनिज तेलातून येतं. मात्र रेझिनच्या टोकांची ती ताणलेली कडी ज्यातून मिळतात ते एपिक्लोरोहायड्रिन आता वनस्पती तेलांपासून निघणाऱ्या ग्लिसरीनमधूनही बनवतात. मधला भाग, बिस्फेनॉल ए, अजून बहुतांशी खनिज तेलाचाच आहे.