उजनीच्या काठाचा जमाखर्च

इंदापूर तालुक्यातील भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही नावे आता पर्यटकांच्या तोंडी बसली आहेत. हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या काठाला लागतात. आपल्याकडे समुद्र नाही, पण काठ आहे. आणि जिथे काठ आहे तिथे आज ना उद्या आलिशान रिसॉर्टची भाषा सुरू होतेच. ती सुरू होण्याआधीच बारामती-इंदापूरच्या बांधवांनी जमाखर्च मांडून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

जमेची बाजू

पर्यटनाला आमचा विरोध नाही. कुंभारगावात मच्छीमारांच्या होड्या पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेतात, घरच्या चुलीवरचे मासळीचे जेवण विकले जाते. हा पैसा गावातच फिरतो. मोठे हॉटेल आले तर आचारी, माळी, चालक, वायरमन, हिशेबनीस लागतील. शिकलेल्या मुला-मुलींना गावाजवळ काम मिळेल. ही जमा खरी आहे.

खर्चाची बाजू

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. गावे उठली, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्यात गेले. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना मोबदला मागता आला. ज्यांच्याकडे फक्त दोन हात होते त्या शेतमजुरांनी काय दाखवून मागायचे? उद्या काठची जमीन विकली गेली तर मालकाला एकदाच रक्कम मिळेल, पण मजुराचे काम आणि मच्छीमाराची जाळी वाळवण्याची जागा कायमची जाईल.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथे शिरोडा-वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात जमिनी संपादित झाल्या. गावकऱ्यांचा वाद मिटेना, आणि वीस वर्षे उलटली तरी हॉटेल उभे राहिले नाही. केरळात वेंबनाड सरोवरातील बेटावरचे कॅपिको रिसॉर्ट किनारा नियमांचा भंग केल्याबद्दल पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिला. 54 व्हिलांचा तो डोलारा पाडण्यास 2022 मध्ये सुरुवात झाली. माणसांना आणि नियमांना डावलून केलेली गुंतवणूक अशी बुडते.

समुद्रकाठाला निदान 1991 पासून किनारा नियमनाची अधिसूचना आहे. ती धरणाच्या काठाला लागू नाही. 2017 च्या पाणथळ नियमांतूनही सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे आपल्या काठाला कायद्याचे कुंपण विरळ आहे.

शिवाय हे पाणी भरवशाचे नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यातही खूप खाली गेले. तेव्हा खिडकीसमोर सरोवराऐवजी भेगाळलेला गाळ असतो. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी याच जलाशयात येते, ते वेगळेच. आणि 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, हे विसरून कसे चालेल?

मागणी काय असावी?

आमचे म्हणणे साधे आहे. जमीन विकू नये, मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. पाण्याकडे जाणारी वाट आणि होड्या लावण्याची जागा सर्वांना खुली राहील, हे करारात लिहून घ्यावे. भूमिहीन कुटुंबांतील मुलांना आधी प्रशिक्षण, मग नेमणूक. तीही फक्त झाडलोटीच्या कामावर नव्हे, स्वागतकक्षात आणि हिशेबाच्या टेबलावरही. भाजी, दूध, मासळी महिला बचत गटांकडून घ्यावी. प्रत्येक होडीत जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडी सोडू नये. हे सारे ग्रामसभेच्या ठरावात यावे.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले, ते सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे सांगण्यासाठी. उजनीच्या काठावर पैशाची भिंत उभी राहू नये, एवढे पाहणे आता आपल्या हाती आहे. पुढच्या ग्रामसभेला बांधवांनी आणि विशेषतः भगिनींनी जरूर हजर राहावे.