जोर धरायला लागणारे सेकंद

वर्गातला विजेचा पंखा बटण दाबताच पूर्ण वेग घेत नाही. जेट इंजिनाचेही तसेच आहे. टर्बोप्रॉप विमानाचा प्रोपेलर मात्र उतरतानाही जवळजवळ ठरलेल्या वेगाने फिरत असतो. शक्ती वाढवली की पात्यांचा कोन बदलतो आणि ओढ लगेच वाढते. मंदावलेल्या जेटला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे फार वेगाने खाली येणारे बोइंग ७२७ वेळेत सावरले गेले नाही. ४३ जण मृत्युमुखी पडले. म्हणून टर्बोप्रॉपवरून जेटवर येणारा वैमानिक आधीच सावध व्हायला शिकतो. साधारण १००० फुटांवर वेग, उतार व इंजिनाचा जोर स्थिर नसेल, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे.