बोस्टन मॅरेथॉनची विजेतेपदे व विक्रम : एक साधनचिकित्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टन शहरी दरवर्षी एप्रिल महिन्यात जी मॅरेथॉन शर्यत होते, ती प्रतिवर्षी भरणाऱ्या मॅरेथॉन शर्यतींत सर्वांत जुनी होय. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले. त्यांतील मॅरेथॉन शर्यतीपासून स्फूर्ती घेऊन बोस्टन अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संस्थेने १९ एप्रिल १८९७ रोजी आपली पहिली शर्यत योजली. पंधरा धावपटू अ‍ॅशलंड या गावाहून निघाले आणि न्यूयॉर्कचा जॉन मॅकडरमॉट हा २ तास ५५ मिनिटे १० सेकंदांत बोस्टनला प्रथम पोहोचला. तेव्हापासूनच्या विजेत्यांची नावे, त्यांचे देश आणि त्यांना लागलेला वेळ यांची यादी आज सर्वांस उपलब्ध आहे.

ही मालिका जवळजवळ अखंड आहे. १९१८ साली महायुद्धामुळे वैयक्तिक शर्यतीऐवजी सैनिकी तुकड्यांची टप्प्याटप्प्याने धावण्याची शर्यत घेण्यात आली, २०२० साली साथीमुळे रस्त्यावरील शर्यत झाली नाही, आणि २०२१ ची शर्यत एप्रिलऐवजी ऑक्टोबरात झाली. एवढे अपवाद सोडले तर प्रत्येक वर्षापुढे नाव आणि वेळ लिहिलेली आढळते. इतक्या दीर्घ काळाची, आकड्यांत मांडलेली नोंद हाती आली की अभ्यासकास मोह पडतो. वेळेचा स्तंभ घ्यावा, त्याचा आलेख काढावा आणि मानवी क्षमतेच्या वाढीविषयी निष्कर्ष सांगून मोकळे व्हावे, असे त्यास वाटू लागते. हा मोह आवरणे का अगत्याचे आहे आणि अशा यादीचे वाचन कसे करावे, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यादीतील दोन विधाने

यादीतील प्रत्येक ओळ दोन निरनिराळी विधाने करीत असते. 'अमुक धावपटू अमुक वर्षी प्रथम आला' हे पहिले विधान. 'त्यास अमुक वेळ लागला' हे दुसरे. पहिले विधान एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच वाऱ्यात धावलेल्या माणसांचा परस्परसंबंध सांगते. रस्ता आखूड असेल तर तो सर्वांनाच आखूड होता. ऊन असेल तर ते सर्वांनाच होते. विक्रमाची गोष्ट वेगळी आहे. विक्रम हा कधीही एकमेकांसमोर न आलेल्या, कित्येकदा एकमेकांच्या हयातीतही नसलेल्या माणसांची तुलना करतो. ती तुलना सयुक्तिक ठरण्यास चार गोष्टींची शहानिशा करावी लागते : धावलेले अंतर किती होते, मार्गाने व वाऱ्याने किती साहाय्य केले, शर्यतीचे दार कोणास उघडे होते, आणि धाव खरोखर व नियमानुसार धावली गेली याचा पुरावा काय. बोस्टनच्या इतिहासात या चारही बाबतींत बोधप्रद उदाहरणे सापडतात.

अंतराचा प्रश्न

आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत 'कोस' हा शब्द आला की तो कोणत्या प्रांतातील कोस, असा प्रश्न जाणता संशोधक प्रथम विचारतो. बोस्टनच्या यादीतील 'मॅरेथॉन' या शब्दाविषयीही तोच प्रश्न विचारला पाहिजे. आरंभीच्या काळात ही शर्यत सुमारे साडेचोवीस मैलांची होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आले. त्या प्रमाणाशी जुळावे म्हणून बोस्टनच्या शर्यतीचा आरंभ १९२४ साली अ‍ॅशलंडहून पश्चिमेस हॉपकिंटन येथे नेण्यात आला. परंतु तो मार्गही २६ मैल २०९ यार्डच, म्हणजे १७६ यार्डांनी उणा भरला. ती उणीव १९२७ साली दूर करण्यात आली.

याचा परिणाम काय होतो ते क्लॅरन्स डीमार याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. त्याने १९११, १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० अशी सात वेळा ही शर्यत जिंकली. १९२२ साली त्यास २ तास १८ मिनिटे १० सेकंद लागले, तर १९३० साली २ तास ३४ मिनिटे ४८ सेकंद. आठ वर्षांत सोळा मिनिटांहून अधिक घसरण झाली, असे यादी वरवर वाचणारा म्हणेल. पण १९२२ ची धाव सुमारे साडेचोवीस मैलांची होती आणि १९३० ची सव्वीस मैलांहून अधिक. मैलामागे लागलेला वेळ काढला तर पहिल्या खेपेस तो सुमारे ५ मिनिटे ३८ सेकंद आणि दुसऱ्या खेपेस सुमारे ५ मिनिटे ५४ सेकंद येतो. तेहतिसाव्या वर्षापासून एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत या माणसाची गती मैलामागे केवळ सोळाएक सेकंदांनी मंदावली होती. त्याच्या वेळा एका स्तंभात मांडता येत नाहीत; त्याची सात विजेतेपदे मात्र तीन निरनिराळ्या लांबींच्या मार्गांवर मिळविलेली असूनही निःशंकपणे मोजता येतात.

याहून चमत्कारिक प्रकार १९५१ ते १९५६ या काळात घडला. रस्त्यांच्या सुधारणेमुळे मार्गातील काही वळणे नकळत सरळ झाली आणि शर्यत २५ मैल १,२३२ यार्डांची होऊन बसली. १९५३ साली जपानचा केइझो यामादा २ तास १८ मिनिटे ५१ सेकंदांत, तर १९५६ साली फिनलंडचा आन्टी विस्कारी २ तास १४ मिनिटे १४ सेकंदांत प्रथम आला. या असाधारण वेळांचे रहस्य पुढे मोजणीअंती उलगडले : मार्ग ९१३ यार्डांनी कमी होता. विस्कारीने आपली गती तशीच राखून उरलेले अंतर तोडले असते, तर त्यास सुमारे २ मिनिटे ४३ सेकंद अधिक लागले असते. १९५७ साली मार्ग पूर्ववत झाला आणि अमेरिकेचा जॉन जे. केली २ तास २० मिनिटे ५ सेकंदांत जिंकला. केवळ आकडे पाहणाऱ्यास या वर्षी धावणे मंदावले असे वाटेल. वस्तुतः पूर्ण अंतर इतक्या कमी वेळात तोवर बोस्टनला कोणीही तोडले नव्हते. यामादा व विस्कारी यांची विजेतेपदे कायम राहिली, वेळा मात्र विक्रमांच्या गणनेतून गळाल्या. उपर्युक्त दोन विधानांतील भेद याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण.

उतार आणि वारा

अंतर अचूक असले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. बोस्टनचा मार्ग एका गावाहून निघून दुसऱ्या शहरी संपतो. आरंभ आणि अंत यांतील सरळ रेषेतील अंतर शर्यतीच्या सुमारे ९१ टक्के आहे, आणि आरंभस्थान अंतस्थानापेक्षा सुमारे १४० मीटर उंच आहे. जागतिक विक्रमासाठी अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे दोन निर्बंध आहेत. आरंभ व अंत यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे, आणि एकंदर उतार हजारास एक, म्हणजे मॅरेथॉनमध्ये ४२ मीटर, याहून अधिक नसावा. यामागील तर्क साधा आहे. मार्ग फिरून मूळ जागी येत असेल तर जाताना पाठीशी असलेला वारा परतताना समोरून येतो आणि लाभहानीची बव्हंशी फिटंफाट होते. एकाच दिशेने जाणाऱ्या मार्गावर ही फिटंफाट होत नाही.

१८ एप्रिल २०११ रोजी या नियमाची कसोटी लागली. त्या दिवशी पाठीमागून जोराचा वारा वाहत होता. केनियाचा जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत प्रथम आला आणि त्याचाच देशबंधू मोझेस मोसोप अवघे चार सेकंद मागे राहिला. त्या वेळचा जागतिक विक्रम हायले गेब्रसेलासी याने २००८ साली बर्लिन येथे नोंदविलेला, २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांचा होता. मुताईची वेळ त्याहून ५७ सेकंदांनी सरस असूनही जागतिक विक्रम म्हणून ती गणली गेली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅट्रिक मकाऊ याने बर्लिनला २ तास ३ मिनिटे ३८ सेकंदांची वेळ दिली आणि ती मुताईच्या वेळेहून मंद असूनही जागतिक विक्रम ठरली.

उलट बाजूही पाहावी. २०१८ साली बोस्टनला थंडी, पाऊस आणि समोरचा वारा असा तिहेरी त्रास होता. जपानचा युकी कावाउची २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत, तर महिलांत अमेरिकेची डेझिरे लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत विजयी झाली. २०११ आणि २०१८ या वर्षांच्या पुरुष विजेत्यांत जवळजवळ तेरा मिनिटांचे अंतर पडले. सात वर्षांत मानवी क्षमता इतकी ढासळली असे कोणीही म्हणणार नाही. अनुकूल वाऱ्याचा लाभ नियम नाकारतो. प्रतिकूल वाऱ्याची भरपाई मात्र कोणताही नियम करीत नाही. ती विवेचकानेच मनात धरावयाची असते.

दार कोणास उघडे होते

१८९७ ते १९७१ पर्यंत महिलांस या शर्यतीत अधिकृत प्रवेश नव्हता. १९६६ साली रॉबर्टा गिब हिने केलेला अर्ज नाकारण्यात आला; तेव्हा ती आरंभस्थानाजवळील झुडपांआड थांबली, धावपटूंत मिसळली आणि ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत अंतिम रेषेवर पोहोचली. पुढील वर्षी कॅथरिन स्विट्झर हिने नावाची केवळ आद्याक्षरे व आडनाव लिहून २६१ हा क्रमांक मिळविला, आणि वाटेत एका अधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, हा प्रसंग छायाचित्रांमुळे जगभर गाजला. १९७२ साली दार अधिकृतपणे उघडले. आठ महिला धावल्या, आठही जणींनी शर्यत पुरी केली आणि नीना कुस्किक ३ तास १० मिनिटे २६ सेकंदांत प्रथम आली.

महिलांची यादी येथून सुरू केली, तर महिलांच्या धावण्याचा इतिहास ३ तास १० मिनिटांपासून सुरू होतो असे दिसेल. परंतु सॅरा मे बर्मन हिने १९६९, १९७० आणि १९७१ या तीनही वर्षी बोस्टनला इतर महिलांच्या पुढे धाव पुरी केली होती, आणि १९७० मधील तिची वेळ ३ तास ५ मिनिटे ७ सेकंद, म्हणजे पहिल्या अधिकृत विजेतीच्या वेळेहून पाच मिनिटांनी सरस होती. १९५१–५६ च्या पुरुष विजेत्यांच्या अगदी विरुद्ध अशी ही स्थिती आहे. तेथे विजय मान्य होता, वेळ टिकत नव्हती. येथे वेळ खरी होती, पण विजय मानावयास कोणी तयार नव्हते. १९९६ साली, शंभराव्या शर्यतीच्या निमित्ताने, संस्थेने १९६६ ते १९७१ या वर्षांतील गिब व बर्मन यांची विजेतेपदे मागाहून मान्य केली. म्हणजे आज आपण वाचतो ती यादी त्या त्या वर्षी लिहिली गेलेली नाही. तिचा काही भाग पुढील पिढीने जाणीवपूर्वक लिहिला आहे. अभ्यासकाने हा थर वेगळा ओळखला पाहिजे.

पुराव्याचा प्रश्न

२१ एप्रिल १९८० रोजी रोझी रुईझ हिला २ तास ३१ मिनिटे ५६ सेकंदांच्या वेळेसह महिलांची विजेती घोषित करण्यात आले. मार्गावरील तपासणीच्या ठिकाणी तिला कोणी पाहिले नव्हते. उलट अखेरच्या टप्प्यात ती प्रेक्षकांतून रस्त्यावर आल्याचे सांगणारे साक्षीदार पुढे आले. आठ दिवसांनी तिचे विजेतेपद रद्द होऊन ते कॅनडाच्या जॅकलिन गारो हिला, २ तास ३४ मिनिटे २८ सेकंदांच्या वेळेसाठी, देण्यात आले.

२०१४ चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. केनियाची रिटा जेप्टू २ तास १८ मिनिटे ५७ सेकंदांत प्रथम आली. त्याच वर्षी पुढे ती निषिद्ध द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळली आणि २०१६ साली क्रीडा लवादाच्या निर्णयाने तिचे बोस्टनचे यश रद्द झाले. इथिओपियाची बुझुनेश डेबा २ तास १९ मिनिटे ५९ सेकंदांच्या वेळेसह विजेती व मार्ग-विक्रमाची धनी ठरली. हा मार्ग-विक्रम २०२५ साली शॅरन लोकेडी हिने २ तास १७ मिनिटे २२ सेकंदांत मोडला. यादीत डेबाचे नाव २०१४ समोर आहे. परंतु २०१४ च्या वृत्तपत्रांत विजेती म्हणून ते सापडणार नाही. समकालीन साधन आणि उत्तरकालीन साधन यांत विरोध आल्यास समकालीन साधन ग्राह्य मानावे, हा सर्वसाधारण नियम येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. क्रीडाविषयक अशी कोणतीही वार्षिक यादी संशोधनासाठी वापरताना नाव आणि वेळ यांच्या जोडीस त्या वर्षीचे मोजलेले अंतर, मार्गाचे स्वरूप, हवामान, प्रवेशाचे नियम आणि ती नोंद कोणत्या साली मान्य झाली, एवढे स्तंभ वाढवावेत. आलेख काढावयाचाच असेल तर तो एकाच अंतराच्या खंडापुरता काढावा आणि खंड जेथे बदलतो तेथे रेषा तोडावी. 'प्रथम', 'सर्वांत जलद' आणि 'विक्रम' हे शब्द परस्परांचे पर्याय म्हणून वापरू नयेत.

हा काटेकोरपणा काहींस शुष्क वाटण्याचा संभव आहे. तथापि विस्कारीस न मिळालेली गती त्याच्या नावे लिहिणे आणि बर्मनने मिळविलेली गती तिच्या नावे न लिहिणे, हे दोन्ही त्या त्या माणसावर होणारे अन्याय आहेत. सारणीतील प्रत्येक आकड्यामागे एक माणूस धावला आहे, एवढे स्मरण ठेवून जो यादी वाचील, त्यालाच तिच्यापासून खरा इतिहास मिळेल.