तीस तासांपैकी संवादाला किती?

'तुमच्या वडिलांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे,' एवढे मी सांगितले आणि मुलाचा चेहरा उजळला. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलेच, असा त्याचा समज. त्याने माझे हात धरून आभार मानले. मी तेव्हा बेंगळूरुच्या एका रुग्णालयात नवखा डॉक्टर होतो. कर्करोगाचे निदान मला ठाऊक होते. ते कसे सांगावे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

आता याच शहरात मी व्यवसायात मुरलेल्या डॉक्टरांना संवाद शिकवतो. गेल्या सत्रात एक ज्येष्ठ शल्यविशारद होते. कन्नड हौशी रंगभूमीवरच्या एक अभिनेत्री रुग्णाच्या पत्नीच्या भूमिकेत समोर बसल्या. डॉक्टर पाच मिनिटे न थांबता बोलले. गाठीचा आकार, आजाराचा टप्पा, केमोथेरपीच्या फेऱ्या, सारे अचूक. ते थांबल्यावर बाईंनी विचारले, 'म्हणजे गुरुवारी घरी नेता येईल ना?' सगळे हसले; डॉक्टर हसले नाहीत.

बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्येच दाखवले होते, की रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी विचारायचे, मग सांगायचे. आपल्याकडे मात्र अडचण त्याही आधी, दारातच उभी असते. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, 'बाबांना काही सांगू नका, ते खचतील.' पाश्चात्त्य पद्धतीत रुग्ण खुर्चीवर एकटा असतो. इथे त्याच्यासोबत चार नातेवाईक असतात. मुलाला झिडकारणे चूक, आणि त्याचे ऐकून खोटे बोलणेही चूक. मुलाला नेमकी कशाची भीती वाटते ते आधी विचारावे. मग रुग्णालाच विचारावे, 'सगळे तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?' कित्येकदा वडिलांनी केव्हाच ओळखलेले असते आणि मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प असतात.

त्यात बेंगळूरुची भाषिक सरमिसळ. डॉक्टर मल्याळी किंवा हिंदी भाषक, रुग्ण कन्नड किंवा दखनी बोलणारा, आणि दुभाषी म्हणून वॉर्डातल्या आयाबाई. तीन मिनिटांच्या स्पष्टीकरणाचे 'ऑपरेशन करायचं म्हणतात' एवढेच होते. यावर संमतिपत्राची सही उभी असते! पुरेशी माहिती दिल्याविना घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच स्पष्ट केले आहे.

वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसमध्ये आला, हे उत्तमच झाले. पण वर्गात शिकलेला विद्यार्थी ओपीडीत ज्या ज्येष्ठांच्या मागे उभा राहतो, त्यांनी तो शिकलेला नाही. आणि विद्यार्थी शेवटी त्यांच्यासारखेच बोलू लागतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दर पाच वर्षांत ३० तासांचे निरंतर शिक्षण घेणे अपेक्षित आहे. ते कोणत्या विषयाचे, याचे बंधन नाही. नवी औषधे, नवी उपकरणे यांवर ते सहज संपतात. त्यातले निदान सहा तास संवादासाठी राखून ठेवावेत, अशी माझी मागणी आहे. तेही व्याख्यानाचे नव्हे, तर प्रत्यक्ष सरावाचे.

'वेळ कुठे आहे?' हा आक्षेप खोटा नाही. ६७ देशांच्या २०१७ मधील आढाव्यात भारतातील प्राथमिक तपासणीचा वेळ जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास दिसला. सहा तासांच्या प्रशिक्षणाने डॉक्टरांची संख्या वाढणार नाही, हे मान्य. पण त्या दोन मिनिटांतले पहिले वाक्य रुग्णाला पुरे करू देण्यासाठी नवा डॉक्टर नेमावा लागत नाही. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी कर्नाटकने २००९ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदे केले. ते हवेतच, मात्र ते कामाला येतात ते हल्ला झाल्यावर.

शल्यविशारदांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. खुर्ची जवळ ओढली, 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?' असे विचारले आणि मग बराच वेळ ऐकत राहिले. आठवड्याने त्यांचा फोन आला. असेच सत्र त्यांच्या निवासी डॉक्टरांसाठी हवे होते. 'फक्त सोमवारी नको,' ते म्हणाले, 'सोमवारी ओपीडी असते.'