परदेशी टपाल-खरेदीवरील आयात आकार

परदेशातील विक्रेत्याकडून टपालाने अथवा कुरिअरने मागविलेल्या वस्तूवर तिच्या मूळ किंमतीखेरीज ग्राहकास जे वाहतूक खर्च, विमा, सीमाशुल्क, कर व हाताळणी फी द्यावी लागते, त्या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. आंतरजालावरील विक्रीमुळे अशी खरेदी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली. परंतु पडद्यावर दिसणारी किंमत व पार्सल घरी येताना मागितली जाणारी रक्कम यांतील तफावत अनेकांना चकित करते. यांपैकी बहुतेक आकार कायदेशीर असतात. ते खरेदीच्या वेळी दाखविले जात नाहीत, एवढेच.

पार्श्वभूमी : अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. निजामशाहीच्या काळात तेथे येणारा परदेशी माल मुख्यतः चौल बंदरात उतरे व घाटमार्गाने वर चढे. वाटेतील खर्च मालाच्या किंमतीत मिळविला जाई. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या वेशीवर जकात नाके होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतील जकातही संपुष्टात आली. मात्र देशाच्या सीमेवरील शुल्क कायम आहे. ते भरणारा पूर्वी व्यापारी असे; आता वस्तू मागविणारा ग्राहक स्वतःच आयातदार ठरतो. या बदललेल्या भूमिकेची जाणीव नसणे, हेच फसगतीचे प्रमुख कारण होय.

पार्सलचा मार्ग : टपालाने येणारे पार्सल प्रथम परदेशी टपाल हाताळणाऱ्या कार्यालयात जाते. महाराष्ट्रासाठी असे प्रमुख कार्यालय मुंबईत बॅलार्ड इस्टेट येथील विदेश डाक भवनात आहे. जागतिक टपाल संघाने (स्थापना १८७४, भारताचा प्रवेश १८७६) ठरविलेल्या नमुन्यातील घोषणापत्र पार्सलवर असते. त्यातील वर्णन व किंमत पाहून, आणि आवश्यक तर पार्सल उघडून, सीमाशुल्क अधिकारी आकारणी करतात. नंतर पार्सल नगर, संगमनेर, श्रीरामपूर इ. ठिकाणच्या टपाल कार्यालयाकडे रवाना होते व शुल्क आणि टपाल खात्याची फी वसूल करून ते ग्राहकाच्या स्वाधीन केले जाते. कुरिअर कंपन्या बहुधा शुल्क स्वतः आधी भरतात व ते ग्राहकाकडून वसूल करताना आगाऊ भरण्याबद्दलची आपली वेगळी फी त्यात मिळवितात. ही फी सरकारी नसते.

आकारणीची पद्धत : सीमाशुल्क अधिनियम, १९६२ व त्याखालील २००७ चे मूल्यनिर्धारण नियम यांनुसार शुल्क केवळ वस्तूच्या किंमतीवर बसत नाही, वाहतूक व विमा यांचे खर्चही मूल्यात धरले जातात. हवाई वाहतुकीचा खर्च मात्र मालाच्या किंमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. विम्याचा आकडा उपलब्ध नसेल, तर तो किंमतीच्या १·१२५ टक्के मानतात. या मूल्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर सामाजिक कल्याण अधिभार (२०१८ पासून), आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, असा क्रम असतो. परकीय चलनाचे रूपांतर बँकेच्या नव्हे, तर सीमाशुल्कासाठी अधिसूचित केलेल्या दराने होते.

उदा., वस्तूची किंमत ४,००० रु. व हवाई वाहतूक ९०० रु. असल्यास वाहतूक ८०० रु. व विमा ४५ रु. धरून मूल्य ४,८४५ रु. होते. मूळ शुल्क १० टक्के, अधिभार त्या शुल्काच्या १० टक्के व कर १८ टक्के मानल्यास अनुक्रमे ४८४·५०, ४८·४५ व ९६८·०३, म्हणजे एकूण सु. १,५०१ रु. भरावे लागतात. ग्राहकाचा खर्च फी सोडून ६,४०१ रुपयांवर जातो. येथील दर केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष दर वस्तूच्या वर्गवारीप्रमाणे भिन्न असतात व अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात. छापील पुस्तकांवर, उदा., २०१९ पूर्वी सीमाशुल्क नव्हते. त्या वर्षी ते ५ टक्के बसविण्यात आले. याशिवाय परकीय चलनातील व्यवहारावर बँका स्वतंत्र आकार घेतात.

भेटी व निर्बंध : ‘भेटवस्तू’ असे लिहिल्याने शुल्क टळते, हा समज चुकीचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये राखी व जीवरक्षक औषधे वगळता टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या भेटींची शुल्कमुक्त आयात बंद करण्यात आली. काही वस्तू शुल्क भरूनही मिळत नाहीत. शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, परदेशी बियाणे व रोपे यांना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना व आरोग्य प्रमाणपत्र लागते. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवरही बंदी घालण्यात आली.

उलट दिशेचा प्रवास : परदेशातील आप्तांकडे पाठविलेल्या वस्तूंनाही हीच गणिते लागू पडतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालास दिलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित केली. वसुलीची व्यवस्था स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तेथील बहुतेक माल स्वीकारणे थांबविले व १५ ऑक्टोबरपासून ते पुन्हा सुरू केले. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. त्यामुळे टपालाने फराळ पाठविणाऱ्या कुटुंबांस हाती अवघे सहा दिवस उरले.

ग्राहकाची दक्षता व उपाय : खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या किंमतीत शुल्क व कर समाविष्ट आहेत की ते पोचवितेवेळी द्यावयाचे आहेत, हे पाहणे आवश्यक असते. ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० यांनुसार विक्रेत्याने पोचविण्याचे व हाताळणीचे आकार आणि कर यांसह एकूण किंमत तपशीलवार दाखविली पाहिजे. भारतातील ग्राहकांस पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी ई-वाणिज्य संस्थांनाही हे नियम लागू आहेत. २०१९ च्या अधिनियमाप्रमाणे ग्राहकास स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. तथापि परदेशी विक्रेत्याविरुद्ध निर्णयाची अंमलबजावणी करणे कठीण जाते.

आकारणी अवाजवी वाटल्यास पार्सल स्वीकारण्यापूर्वी तिचा तपशील मागावा. माल सोडविण्याचा आदेश होण्यापूर्वी त्यावरील हक्क सोडून दिल्यास सामान्यतः शुल्काची जबाबदारी राहत नाही. विक्रेत्याकडील रक्कम परत मिळणे मात्र त्याच्या अटींवर अवलंबून असते. सदोष माल विहित मुदतीत व अटींनुसार परत पाठविल्यास शुल्काचा परतावा मागता येतो. पावत्या व घोषणापत्राची प्रत जपून ठेवल्याशिवाय हे मार्ग उपयोगी पडत नाहीत.

अडकलेल्या पार्सलचे निमित्त करून दूरध्वनीवरून ‘सीमाशुल्क’ मागणाऱ्या भामट्यांचाही सुळसुळाट झाला आहे. सीमाशुल्क खाते खाजगी बँक खात्यात पैसे भरावयास सांगत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या पत्रव्यवहारावर पडताळून पाहता येणारा ओळख क्रमांक असतो. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविणे हितावह ठरते.